काळी वायर

सुट्या भागांच्या दुकानात माझ्यापुढे एक काका नवा स्टार्टर घ्यायला उभे होते. फोन स्पीकरवर होता आणि पलीकडे काकू गाडीत बसून बोलत होत्या.

"अहो, किल्ली फिरवली की नुसतं टक वाजतंय. सकाळी तुम्ही प्लग बदललेत, तेव्हापासून ही अशी."

"थांब. प्लग बदलताना मी बॅटरीची काळी वायर काढली होती. बॉनेट उघडून ती हलवून बघ."

"हलतेय कसली, हातातच येतेय."

"मग आवळायची राहिली माझ्याकडून. पाना तिथेच असेल, घट्ट कर."

"करते. लेकीचा परत फोन आला होता. कळा वाढल्यात, आणि घरात ती एकटी."

"माहितेय गं. आता फिरव किल्ली."

इंजिनचा आवाज दुकानभर ऐकू आला.

"झाली सुरू. बंद करू?"

"मुळीच नको. मी आलोच."

"तुम्ही येईपर्यंत थांबू कशी?"

"अगं, किती वर्षांत गाडी चालवली नाहीस तू."

"नाही चालवली खरी. पण मी तिला घ्यायला निघाले. तुम्ही परस्पर हॉस्पिटलात या."

"हळू जा गं," काका म्हणाले, पण फोन तोवर बंद झाला होता.