वर किती?

मित्राने त्याच्या पुस्तकाला माझी प्रस्तावना मागितली होती. ती मला जमणारी नव्हती, पण तसं कळवायचा धीर होईना. तीन महिने त्याचं पत्र अनुत्तरित होतं आणि पुस्तक छापखान्यात अडून होतं.

पोस्टाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या, एक वयाने मोठी आणि एक कामात नवखी वाटणारी. कारखान्यातल्या, आकडे देऊन चालवायच्या यंत्राचा मोडका हात दुरुस्तीला धाडायला आल्या होत्या.

“ताई, हात कुठे न्यायचा त्या व्हेक्टरचे घटक मी बरोबर टाकले होते. पुढे किती, बाजूला किती.”

“आणि वर किती?”

“वर न्यायचाच नव्हता हात. म्हणून सोडून दिलं.”

“मग शून्य टाकायचं ना, बाई!”

“काही न टाकणं म्हणजे शून्यच की.”

“ते तुझ्या डोक्यात. तिथे आधीच्या कामाचा आकडा तसाच बसला होता. हात तेवढा वर गेला आणि छताला आदळला.”

“मला वाटलं, यंत्राला कळेल.”

“तुझ्या मनातलं त्याला काय स्वप्नात दिसणार? शून्य असलं तरी लिहायचं.”

माझा नंबर आल्यावर मी एक पोस्टकार्ड मागितलं. ‘प्रस्तावना मला जमणार नाही. पुस्तक थांबवू नकोस,’ एवढंच तिथे उभ्याउभ्या लिहिलं आणि कार्ड पेटीत टाकलं.