मडकं फुटतानाचा फोटो

— चहा नको? बरं, राहू द्या. दूध कमीच होतं, तुमच्या नकारानं घराची अब्रू राहिली. सोडा आता ते फोटोवरचं फडकं. नवऱ्याचा शेवटचा फोटो काढायला तुम्हाला बोलावलं, तो काळा निघाला म्हणालात — आणि हा मात्र मुंबईहून पदक घेऊन आला. माझा पितांबर बापाच्या चितेला फेरे घालतो, खांद्यावरचं मडकं मागं टाकतो, चालू लागतो, आणि तुम्ही पाठीमागून टिपलंत. लोकांना काय काय बघायला आवडतं, भाऊ. आम्ही बायका स्मशानात जात नाही, मी काही पाहिलं नाही. पण माझी जाऊ दगूबाई — ती काय, समोर ओट्यावर शेंगा फोडतेय, कान इकडेच — गावभर सांगत फिरते, पितांबरनं मागं वळून पाहिलं. पाहत नसतात ना मागं. त्याच महिन्यात तिचा पोरगा हिलाल तापानं गेला, झालं — "तुन्हा पोऱ्यानी मांगे दखं, म्हनीसन मन्हा हिलाल गया." भाऊबंदांनी पोराला पंगतीतून उठवला. तो सुरतेला गिरणीत गेला, घरी येत नाही. मी पंचांपुढं नवऱ्याची शपथ घेतली — मेलेल्या का होईना, नवराच तो — की माझ्या पोरानं पाहिलं नाही. आता हा फोटो तिच्या नाकासमोर टांगते आणि पितांबरला बोलावून घेते —

उजेडात धरा जरा.

खापरी न् खापरी वेगळी दिसते. पाणी हवेतच थांबलंय, चादर झटकावी तसं. डोळा मिटायच्या आत टिपतो म्हणता कॅमेरा — टिपलंय खरं. आणि हे... तुम्ही पाठीमागं होतात ना, भाऊ? मग त्याचं तोंड कसं दिसतंय?

हाक मारलीत? 'पितांबर' म्हणून? चेहऱ्याशिवाय फोटोत जीव आला नसता — हो, नसेलच आला. बापाला नुकती आग दिलेलं पोर, पाठीमागून नावानं हाक आली, वळेल नाही तर काय करेल? त्याला वाटलं असेल... जाऊ द्या. पदक देणाऱ्यांना कळलं असेल काय वाटलं ते. मग चला, सांगा तिला. पंचांनाही सांगा, हाक मी मारली म्हणून. — नंदुरबारची गाडी चुकेल? टांगा उभाय? असू द्या. तुम्ही सांगून तरी काय, हाक फोटोत दिसते थोडीच. वळलेली मान दिसते.

गुंडाळा. नीट गुंडाळा, कोपरा उघडा राहिलाय. आणि मागच्या दारानं जा — ती उठली बघा ओट्यावरून.