उतरत्या चार पट्ट्या

माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर वाकडंतिकडं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. माहेर पाचोऱ्याकडचं, लग्न होऊन जळगावात पिंप्राळ्याला आले. आमचे हे लग्नाच्या बँडमध्ये कॅसिओ वाजवायचे, बँडवाले त्याला पेटीच म्हणायचे. गाणं कुठलंही असो, नवरी निघायची वेळ झाली की हे तेच चार कॉर्ड धरायचे, म्हणजे तीन-तीन पट्ट्या एकदम दाबून, एकेक पायरी खाली उतरणारे. घरी सराव करायचे तेव्हा मी चुलीपाशी बसून ऐकायची. काय सांगू, चौथ्यावर आलं की गाणं दारात थांबल्यासारखं व्हायचं, आत येईना की जाईना, आणि माझा जीव नुसता ओढायचा.

मला शिकवा म्हणायची लाज वाटायची. मग हे चहाला बाहेर गेले की मीच बसायची. कोणता कॉर्ड कुठून धरायचा ते ध्यानात राहावं म्हणून शेजारशेजारच्या चार पट्ट्यांवर चार टिकल्या चिकटवल्या, आणि एकदा काढायच्याच राहिल्या. हे तसाच कॅसिओ घेऊन धुळ्याला लग्नात गेले. टिकल्या पाहून बँडवाले बठ्ठा, सगळेच्या सगळे हसले म्हणे, काय रे भो, आज पेटीनं लगीन शे का? पेटीचंच लग्न आहे का म्हणून.

घरी आले तर मी मान खाली घालून उभी. रागावले नाहीत, म्हणाले, वाजव. मी वाजवलं. म्हणाले, चौथ्याला मधलं बोट काळ्या पट्टीवर ठेव, तू पांढरीवर ठेवतेस म्हणून गाणं खाली बसून जातं. माझं बोट धरून त्यांनीच ठेवलं. तेवढंच शिकणं झालं. पुढच्या लग्नसराईआधी काविळीने गेले.

दिवसकार्य झालं आणि बँडचे मालक नाना आले. कॅसिओ घ्यायला पैसे त्यांनीच दिले होते, अर्धेअधिक फिटायचे होते. म्हणाले, वहिनी, नवा पोरगा ठेवलाय, पेटी द्या, पैसे सोडून देतो. मी कधी परक्या माणसापुढे बोलले नव्हते, तेव्हा दाराआडून बोलले, नाना, पैसे देते, पेटी नेऊ नका. नाना म्हणाले, तुम्ही काय करणार तिचं? मी म्हटलं, थोडेथोडे करून फेडते, आणि नाना पेटी न नेताच गेले.

मग लोकांचे पापड लाटले, गोधड्या शिवल्या. दुपारी हात धुऊन चार कॉर्ड वाजवायची, चौथ्यावर बोट तसंच दाबून धरायची, पुढचं मला येतच नाही. काल नानांकडे शेवटचे पैसे घेऊन गेले. त्यांनी न मोजता खिशात घातले, म्हणाले, वहिनी, आता पेटी तुमची, सगळे पैसे फिटले.