दाऊद सारंगाची हाक

ऐका. आणि तू तो तंबाखू मळायचा थांब रे मेल्या, गोष्ट चाललीय इथं!

तर आपला बाळकू मयेकर. लेक तापानं फणफणलेली. बंदरावरच्या डॉक्टराकडून औषध घेतलं, बाटली मुंडाशात खोचली नि अंधारातच निघाला. वरची वाट लांब, म्हणून हा शहाणा खाडीच्या वाटेनं! किती सांगायचं माणसाला?

बाळकू म्हणजे आगवाला, आगबोटीच्या भट्टीत कोळसा मारणारा. बोट 'रोझलिन'. म्हातारी हो अगदी! पंचवीस वर्षं रंगूनचा तांदूळ नि कलकत्त्याचा ताग वाहून तिचं इंजिन दमेकऱ्यागत खोकायचं. खलाशी आपल्याच गावचे बावीस, दाऊद सारंगानं, म्हणजे त्यांच्या मुकादमानं, घरोघर फिरून नेलेले. कोलंब्याला बाळकूचा पाय मोडला, म्हणून त्याला उतरवला. बोट पुढं गेली. लढाईचे दिवस. टारपेडो लागला नि गेली तळाला. सारंगासकट एकही माणूस परत आला नाही.

हां, तर खाडीपाशी हाक आली. "बाळकूऽऽ!"

रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये, शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. पण बोटीवर सारंगानं हाक मारली की पहिल्याच हाकेला ओ द्यायची! मेली सवयच ती. हा म्हणाला, "जी, सारंग!"

संपलं! समोर आगबोट उभी. हातात फावडं. "मार कोळसा!" हा मारतोय. "वाफ पडली, अजून मार!" हा मारतोय. अहो, कोळसा कसला, खाडीचा चिखल तो! भरतीचं पाणी गुडघ्याला. कमरेला. छातीला! फावडं हातातून सुटेना. नि वरून, "आळशी मेल्या, हात चालव!"

शेवटी बाळकूचं डोकं फिरलं. "अरे, मेल्यावर तरी गप बसशील की नाही? पोर तापलीय माझी घरी! बोट बुडाली, सारंग! सहा वर्षं झाली बुडून!"

फावडं गळालं. मग हळूच आवाज आला, "आणि बोटीवरची माझी पोरं रे?"

बाळकूला सांगवेना. तरी सांगितलं. "एकपण नाही वाचला."

मग सारंग म्हणाला, "तू जा. पोरीला औषध दे."

धडपडत, पाणी गिळत बाळकू काठाला लागला. पोर वाचली.

पण त्या वाटेला जाऊ नका, बाबांनो. बुडाल, ते तर आहेच. पण सारंग विसरतो हो! दुसऱ्या रात्री पुन्हा एकेकाच्या नावानं हाका. जो ओ देईल त्याला सुटायचं तर पुन्हा सांगायचं सारंगाला, तुझी पोरं गेली म्हणून. जीभ रेटेल कुणाची?