बसतंय हो, बसवणारा पाहिजे!

…आणि हे लोक मला सांगतात, जागा नाही! मला! अहो काका, तुम्ही आजच तुरुंगात आलात म्हणून सांगतो, पाय जरा दुमडा, हां, अस्सं, आणि गुडघा त्या चष्मेवाल्याच्या पाठीला लावा, तो काही बोलत नाही, मास्तर आहे बिचारा… तर जागा नाही असं काही नसतंच! जन्म गेला माझा लोकांचं घरसामान हलवण्यात. चार खोल्यांचा संसार एका टेम्पोत, वर आजीबाईंची आरामखुर्ची, आणि खुर्चीत आजीबाई! बसतंय हो, बसवणारा पाहिजे!

तुम्हाला सांगतो, मी आलो तेव्हा या बराकीत काय हाल होते! माणसं आडवी, तिरकी, एकाची टाच दुसऱ्याच्या ताटात. संडासाच्या दारातच एक पहिलवान झोपलेला, आत जायचं तर आधी त्याला उठवा, आणि तो डोळे न उघडता विचारणार, ‘फार घाई आहे का?’ जेलरसाहेब गजांबाहेर कपाळाला हात लावून, ‘अरे, बराक बांधली निम्म्या माणसांसाठी! वरून पाठवतात, मी काय करू?’ खरंच आहे, भिंती काय रबराच्या असतात? मी म्हटलं, साहेब, तुम्ही नुसतं बघा. जाडी माणसं भिंतीला, कपाटं लावतो तशी. बारकी मध्ये. याचं डोकं इकडे, शेजाऱ्याचं तिकडे. घोरणारे सगळे एका कोपऱ्यात, त्यांचं त्यांना लखलाभ! बादल्या एकात एक, कपडे गजांना… आणि संडासाचं दार उघडलं हो! पूर्ण! लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिलवानाच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा हुशार माणूस आत कसा? अहो, गिऱ्हाइकानं किल्ली दिली, म्हणाला घर रिकामं करा. केलं! आरसासुद्धा दुलईत गुंडाळून, एक चरा नाही. मला काय माहीत, घर त्याचं नव्हतंच म्हणून? खरे मालक चौकीत आले, सामान पाहिलं आणि म्हणाले, ‘चोर असेल, पण बांधाबांध काय सुरेख केलीये!’ गिऱ्हाईक पसार, आणि मी इथं, जामिनाची वाट बघत.

आणि जामिनासाठी कोर्टात जायला हवं ना! पहिल्या तारखेला शिपाई म्हणाला, ‘गाडीत जागा नाही, पुढच्या वेळी.’ पुढच्या वेळी? तेच! तिकडे बायको कोर्टाच्या पायरीवर ताटकळतेय, आणि तिचा भाऊ, माझा जामीनदार, कामावर खाडा करून तोंड फुगवून बसलाय. परवा भेटीला आली तेव्हा म्हणाली, ‘अहो, दादा म्हणालाय, आता हे शेवटचं. पुन्हा नाही येणार.’ जामीनदारच गेला तर वकील काय, घसा कोरडा करणार! म्हटलं, तू काळजी करू नकोस. यावेळी येतो म्हणजे येतोच.

आज तीच तारीख. सकाळी आवारात गाडी उभी, आणि शिपाई पुन्हा आपला तोच, ‘बस, भरली! उरलेले मागे फिरा!’ माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, भरली? याला भरली म्हणतात? सगळे खाली उतरा! मी भरतो! आणि काय भरली म्हणून सांगू! लांब पायांचे मागे, मांडी घालणारे मध्ये, भांडखोरांच्या मधोमध तो बहिरा. पहिलवान आडवा, त्याच्यावर दोघे. हवालदारांना अगदी शेवटी, त्यांचं पोट दाराला टेकलं की दार खडखडत नाही! सगळे बसले! ज्यांना परत पाठवत होते तेसुद्धा! शिपाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसता बसता म्हणतो, ‘कमाल आहे बुवा!’ मी म्हटलं, बसतंय हो, बसवणारा पाहिजे! धाडकन दार लावलं, खिट्टी घातली, ओढून बघितली, पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि ओरडलो, ‘जाऊ द्याऽऽ!’

…

गेली हो.

जन्माची सवय! गाडी फाटकातून वळली तरी मी हात झटकत, खिट्टी नीट बसलीय ना, तेच बघतोय! फाटकावरचा पहारेकरी म्हणतो, ‘तू इथं काय करतोयस?’ तिकडे बायको कोर्टाच्या पायरीवर बसून उतरणारा एकेक माणूस बघत असेल… एवढी माणसं उतरताना पहिल्यांदाच बघत असेल… आणि शेवटी हवालदाराचं पोट.

आत येऊन बघतो, तर हा आता सुटला, परत येणारच नाही असं धरून माझी जागासुद्धा दिलेली. तुम्हाला! नाही नाही, उठू नका काका, बसा. मी दाराशी मावतो. गाडी भरणारा गाडीच्या बाहेरच राहतो, हे मला ठाऊक होतं हो… पण गाडीच्या बाहेर राहिलो, म्हणून तुरुंगाच्या आत राहिलो! सरका जरा. बसतंय.