पाय उचलला

शिरूरच्या गॅरेजात मी ऑइल बदलून घेत होतो. शेजारी, बोनेट चेपलेल्या गाडीपाशी, म्हातारे ट्रक ड्रायव्हर चांगदेवआप्पा मेकॅनिक माऊलीवर तापले होते.

"ब्रेक खराब हाय हिचा! म्होरं उसाची ट्रॉली थांबली म्हणून दाबला, तर पायाखाली खडखड करत लाथा मारायला लागला."

"आप्पा, ते एबीएस हाय. चाकं जाम व्हऊ न्हाईत म्हणून गाडीच ब्रेक सोडती आन् धरती. मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? पाय उचलला."

"म्हंजी ट्रॉलीवर तुम्हीच घातली! पाय तसाच दाबून धरायचा असतो."

"मला शिकवतो व्हय रं? तीस वर्षं ट्रक हाणलाय. दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. निम्म्या गावाला मीच शिकवलंय. आमच्या पोरीला, सृष्टीलाबी."

"सृष्टीताईंची गाडी कुठली?"

"नवीच हाय. आत्ताच गेली सणसवाडीला, ड्युटीवर."

"मग तिलाबी एबीएस असंल, आप्पा."

आप्पांनी चेपलेल्या बोनेटवरून हात फिरवला.

"आवो, फोन लावा की त्यांना!"

"न्हाई उचलायची."

"का?"

"गाडी चालवताना फोन उचलायचा न्हाई, हे बी मीच शिकवलंय."