चौथ्या व्हायोलिनच्या ओळी

अक्का, उषाताई, दीपनगर कॉलनीतल्या मित्रांनो,

वामननानांच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलोय. आणि जे सांगणार आहे, ते अशा सभेत सहसा कुणी सांगत नाही. म्हणून नानांच्या घरी जाऊन अक्कांना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "जे झालं तेच सांग."

कॉलनीत टीव्ही नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. वीजकेंद्रात वामननाना ड्रॉइंग ऑफिसात, मी कोळसा विभागात. नाना भुसावळच्या एका अँग्लो-इंडियन रेल्वे गार्डसाहेबांकडे विलायती पद्धतीचं व्हायोलिन शिकलेले. मी भीमगीतांच्या पार्टीत व्हायोलिन वाजवणारा. एक दिवस नाना म्हणाले, चार व्हायोलिनांची एक फार जुनी इटालियन रचना आहे, बसवू या. नाना, उषाताई, उषाताईंचा भाऊ आणि चौथा मी.

मी विचारलं, "चौथा म्हणजे साथीला का?"

नाना धुळ्याकडचे. म्हणाले, "आठे कोनी मोठं नही, सुरेश. बठ्ठा सारखाच शेतस."

मला पटलं नाही. का पटावं? 'सगळे सारखेच' हे मी शाळेपासून ऐकत आलोय.

नानांनी स्वरलिपी शिकवली. प्रत्येकाचे कागद हातानं उतरवून दिले. तालमीत तिघं वाजवायचे, मी थांबलेला. परत वाजवायचे, परत मी थांबलेला. शंका आली. कुणाला न सांगता एका रविवारी गार्डसाहेबांकडे गेलो. छापील कागद मागितले आणि माझे शेजारी ठेवले. चौथ्या व्हायोलिनच्या दोन लांब, जलद ओळी माझ्या कागदावर नव्हत्याच. त्या नाना वाजवत होते!

पुढच्या तालमीत सगळ्यांसमोर विचारलं.

नाना म्हणाले, "तुला झेपणार नाहीत, असं वाटलं."

"वाटलं, की ठरवलं?"

"ठरवलं."

"माझ्या हाताकडे बघून, की माझ्या वस्तीकडे?"

उषाताई, तुम्ही तिथं होतात. आठवतं? नाना खाली बघत होते. मग म्हणाले, "माझं मलाच नक्की सांगता येत नाही."

मी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी नाना माझ्या क्वार्टरवर आले. माफी मागितली नाही. त्या दोन ओळी लिहून आणल्या होत्या. "बैस, शिकवतो," म्हणाले. दोन महिने रोज आले. मी रोज बघत होतो, हे पाप धुवायला येतात की शिकवायला? कौतुक केलं, तरी ते खरं आहे का, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधायचो.

कॉलनीच्या हॉलमध्ये त्या ओळी मी वाजवल्या. एका जागी अडखळलो. नाना थांबले नाहीत, सावरूनही घेतलं नाही. माझं मलाच सावरू दिलं.

मित्रांनो, माझी शंका पुरती गेली असं आज म्हणालो, तर ते खोटं होईल. पण गोड खोटं बोलणं सोपं असताना त्यांनी मला अवघड खरं सांगितलं. तसं मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

आता आपण सगळे उठू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नये.

नाना, जय भीम.